खांबाखालचं माणूस

डोणगाव, ता. मेहकर
९ डिसेंबर

श्री. चिन्मय कस्तुरे, शब्दसंग्रह विभाग, पुणे यांस सप्रेम जयभीम.

तुमच्या संस्थेचा छापील कागद मिळाला. ‘आपल्या भागात लाइन हा इंग्रजी शब्द कोणकोणत्या अर्थांनी वापरतात, ते दहा वाक्यांत कळवावे. आपणास खर्च पडणार नाही, तिकीट लावलेले पाकीट सोबत आहे.’

खर्च पडणार नाही हे खरं नाही, म्हणून आधी हिशेब देतो. पाकीट तुमचं, कागद आमच्या बिलबुकाचा पाठकोरा. पण वाक्यं जुळवायच्या नादात एका मोटरीची कॉइल भट्टीत राहून गेली, वार्निश करपलं, ती पुन्हा उकलून भरावी लागली. माझ्या हाताखालच्या इंद्रभानला सकाळपासून ‘तू लाइन कशाकशाले म्हणतो बे?’ असं विचारत होतो, तो दुपारून डोकं दुखतं म्हणून निघून गेला. आणि पाकिटावर पाठवणाराचं नाव वाचल्यापासून आमच्या घरात जेवताना बोलणं बंद आहे. एवढ्याला पडलं तुमचं फुकटचं पाकीट.

माहिती देणाराची ओळख द्यावी असं कागदात आहे. दयाराम हिवराळे. डोणगावच्या बसस्टँडजवळ ‘हिवराळे मोटर वायंडिंग व इलेक्ट्रिकल्स’ आहे ते माझं. वडिलांकडून काही आलेलं नाही. ते दुसऱ्याच्या विहिरीवर मोट हाकत. विहिरीवर मोटर बसली आणि त्यांचं काम गेलं. तेव्हाच मी ठरवलं की ज्यानं आपल्या बापाचं काम खाल्लं, त्याचं पोट उघडून पाहायचं. शिक्षण दहावी, तीही दुसऱ्या झटक्यात. भांडवल म्हणाल तर कान. कोणाची मोटर बिघडली की मी सांगतो, फोन मोटरीजवळ धर अन् बटन दाब. बेअरिंग गेलं, कॉइल गेली का नुसतं पाणी शिरलं, इथं स्टुलावर बसून सांगतो. आणि माणसाचं विचाराल, तर एकदा ऐकलेल्या आवाजाला मी जन्मात नाव विचारत नाही. एका ‘हॅलो’त माणूस, त्याचं गाव आणि तो खरं बोलतो का खोटं, तिन्ही कळतं. हे पंचक्रोशी सांगते, मी नाही.

आता लाइन. तुमच्या कागदावर ‘लाइन म्हणजे ओळ, रेघ’ असं दिलंय. आमच्याकडे रेघ फार मागे आहे. पहिली वीज. ‘लाइन गेली’, ‘लाइन आली’, ‘लाइन कमजोर आहे’. माणूस डोळे उघडल्यावर आधी हेच विचारतो. ‘यंदा आमची लाइन रातची आहे’ असं कोणी म्हटलं, तर शेतात वीज रात्री मिळते आणि तो माणूस दिवसा भेटणार नाही असं समजावं.

मग धंदा. ‘तू कोन्या लाइनीत आहे?’ खामगावात कोणालाही विचारा, कापसाच्या नाही तर तेलाच्या. आमची पोरगी आमच्याच लाइनीत होती, मग दुसऱ्या लाइनीत गेली. हे वाक्य घ्यायचं का नाही ते तुम्ही ठरवा.

रांगेलाही लाइनच. फरक एवढाच की रांगेत उभं राहावं लागतं आणि लाइन लावता येते. आमच्याकडे माणसं सावलीत बसतात, लाइन चपला लावतात.

आणखी एक वाक्य पोरापोरींबद्दलचं होतं. माझी बायको सिंधूताई म्हणाली, “पुण्याले हे लिहान तर पाहा.” म्हणून ‘लाइन मारणे’ लिहीत नाही.

तुम्ही माझे जावई आहात असं तुमच्या छापील कागदावर कुठं नाही, म्हणून मीही ते लिहीत नाही. माझी मुलगी समता पाच वर्षं झाली माझ्याशी बोलत नाही, तिचा आवाज मी ऐकलेला नाही, याचाही तुमच्या प्रश्नाशी संबंध नाही. दहा वाक्यं पूर्ण झाली नाहीत. उरलेली पाठवीन, दुसरं पाकीट आल्यास.

आपला,
दयाराम हिवराळे

डोणगाव
२८ डिसेंबर

श्री. चिन्मय कस्तुरे यांस जयभीम.

पाकीट आलं. सोबत या वेळी छापील कागद नाही, हातानं लिहिलेलं पत्र आहे. वर ‘आदरणीय बाबा’ लिहून खोडलंय आणि ‘आदरणीय दयारामजी’ केलंय. खोडलेलंही वाचता येतं. मी ट्यूबलाइटसमोर धरून पाहिलं.

तुमचा पहिला प्रश्न, ‘लाइन टाकणे’ आणि ‘लाइन ओढणे’ यात फरक काय? टाकतात ती पाण्याची, जमिनीतून. ओढतात ती विजेची, खांबावरून. आणि चोरून घेतात ती ना टाकत ना ओढत, तिच्यावर आकडा टाकतात. त्याला आम्ही लाइन म्हणत नाही, तो घेणारा मात्र म्हणतो.

परवा चहाच्या टपरीवर ऐकलेलं जसंच्या तसं देतो, तुमच्या कामाचं आहे. कडूबा म्हणून एक गडी आहे, सगळ्या जगाच्या बातम्या त्याच्याजवळ.

“खामगाव-जालना लाइन होते म्हन्ते आता.”

“कोन म्हन्ते?”

“पेपरात आलं.”

“माह्या आज्यानं खिडकीजवळची जागा धरून ठेवली होती त्या लाइनीवर. माह्या बापाले देऊन गेला. आता मी बसून आहो.”

“मंग लाइनीले लाग ना काही कामाच्या!”

यात रेल्वे आली आणि लाइनीला लागणं, म्हणजे पोटापाण्याची सोय होणं, तेही आलं. एका चहात दोन वाक्यं.

तुमचा दुसरा प्रश्न शब्दाचा नाही. तुम्ही लिहिता, ‘त्या दिवशी काय झालं ते समता मला कधीच सांगत नाही. गाडी चुकली, एवढंच म्हणते.’ बरं.

ती तिच्या आईशी बोलते हे तुम्हाला माहीत असेल. रविवारी फोन वाजला की सिंधूताई तो घेऊन अंगणात जाते, तिथून नळावर, नळावरून गल्लीत. कान चांगले असल्याचा तोटा असा की अर्धं बोलणं ऐकू येतं आणि अर्धंच येतं. “हाव. … जेवली. … तिथं थंडी असंन. … ते? आहेत. बसले आतमंधी.” आतमध्ये बसलेले ते म्हणजे मी. पलीकडून काय विचारलं म्हणून हिनं हे सांगितलं, ते पकडायला माझे कान पुरत नाहीत. मी घरभर फिरतो. पक्कड उचलतो, ठेवतो. इंद्रभान म्हणतो, “दादा, तुमी खाली बसा ना, मले गरगरते.”

मला तुमच्याकडून काही नको. लग्न झालं ते झालं. तुमची जात मी तेव्हाही विचारली नव्हती. तिनं एकदा फोन करून नुसतं ‘हॅलो’ म्हणावं, एवढंच आहे.

त्या दिवशीचं सांगतो. समता डिप्लोमा करून माझ्याच दुकानात होती, माझ्याबरोबर कामावर यायची. खांबावर काम असलं की आमची पद्धत अशी. शिवारात जो विजेचा ट्रान्सफॉर्मर असतो त्याला सगळे डीपी म्हणतात. डीपीच्या पेटीतून लाइन बंद करायची, एकानं खांबावर चढायचं, दुसऱ्यानं पेटीजवळ उभं राहायचं. ते खालचं माणूस. वीज गेली की लोकांना दम निघत नाही, कोणीही येतो आणि पेटीत तार अडकवून लाइन चालू करून घेतो. म्हणून वरचा उतरेपर्यंत खालच्या माणसानं जागा सोडायची नाही. पाणी प्यायला नाही, फोन घ्यायला नाही. साप निघाला तर सापानं जावं. समता माझं खालचं माणूस होती. तिच्याएवढं पक्कं माणूस मला नंतर मिळालं नाही. इंद्रभान चांगला आहे, पण त्याला तंबाखू लागते.

तर मी वर होतो. तिनं खालून ओरडून सांगितलं की उद्या पुण्यात लग्नाची नोंदणी आहे, दुपारच्या गाडीनं निघते. अशा गोष्टी खालून ओरडून सांगायच्या असतात का? काम लांबलं. काम आहे, लांबतं. तिची गाडी गेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही साक्षीदार घेऊन तिथं उभे राहिलात, तारीख हुकली, पुन्हा काढावी लागली. त्याचा तिला राग. एवढीच गोष्ट आहे.

लाइनीवर या, असं तुम्ही म्हणाल. त्यालाही आमच्याकडे असंच म्हणतात, मुद्द्यावर येणे. नोंद करून घ्या.

दयाराम हिवराळे

डोणगाव
१२ जानेवारी

श्री. चिन्मय कस्तुरे यांस,

उत्तर नाही. पुण्याहून पत्र यायला दिवस लागतात हे मला कळतं. तरी पोस्टात जाऊन येतो. तिथं पुष्पांजलीबाई आहेत, त्या आज सगळ्यांसमोर म्हणाल्या, “दयारामदादा, पोस्टात कोनी नाही अन् तुमी एकट्यानंच लाइन लावून राह्यले! आलं की मी दुकानात आणून देईन म्हटलं ना.” लोक हसले. मीही हसलो. बाहेर येऊन पुन्हा आत गेलो, तिकीट घ्यायचं राहिलं म्हणून. तिकीट खिशात होतंच.

आज सिंदखेडराजाला जत्रेसारखी गर्दी आहे, गाड्या भरभरून चालल्यात. दुकान उघडं ठेवलंय, पण एका जागी बूड टिकत नाही. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आहेत, मोटरी जळून येतात, दुकानाबाहेर मोटरींची लाइन लागलीय. हे वाक्य घ्या, निर्जीव वस्तूंचंही चालतं. एका मोटरीचे वेढे मोजता मोजता विसरलो, पुन्हा पहिल्यापासून. असं माझं कधी होत नाही.

राहिलेली वाक्यं देतो.

‘लाइन क्लिअर आहे.’ मूळ रेल्वेचं, आता सगळ्याचं. सासरा घरी नसला की जावई बायकोला आणायला जातो, तेव्हाही लाइन क्लिअर असते. उदाहरण कोणाला उद्देशून नाही.

‘हातावरच्या लाइना.’ आमच्या हातावरच्या वार्निशनं बुजल्यात, त्यामुळे भविष्य सांगणारे आमच्याकडे येत नाहीत.

‘पोलीस लाइन.’ तिथं पोलीस राहतात. पकडून नेलेला माणूस तिथं राहत नाही, एवढा खुलासा करावा.

‘त्यानं डोंगराची लाइन पकडली.’ म्हणजे दिशा. चुकलेलं ढोर शोधताना म्हणतात.

शेवटचं आमच्या धंद्यातलं, हे जरूर छापा. ‘लाइन बंद करून खांबावर चढताना वरच्या माणसाने पेटीतल्या तिन्ही ग्रिपा खालच्या माणसाच्या हवाली कराव्यात.’ ग्रिप म्हणजे चिनीमातीची पांढरी मूठ, तिच्यात फ्यूजची तार असते. ती काढली की लाइन बंद, बसवली की चालू. वाक्य असंच ठेवा, शब्द बदलू नका. छापण्याआधी मसुदा टाइप कराल तेव्हा घरात कोणाच्या नजरेखालून गेला तर माझी हरकत नाही.

दहाच्या वर झाली. मोजायचं मी सोडून दिलंय.

दयाराम हिवराळे

डोणगाव
३ फेब्रुवारी

चि. चिन्मय यास अनेक आशीर्वाद. जवाईबुवा, आता लिहितो. तुम्ही खोडत बसा.

मसुदा मिळाला. पुष्पांजलीबाईंनी दुकानात आणून दिला, वर चहाही घेतला. सगळी वाक्यं नीट टाइप केलीत. ‘चपला’चं वाक्य छापून आल्यावर माझ्याच लक्षात आलं की ते चांगलं आहे. पण मी सगळी वाचली नाहीत, आधी शेवटचं पाहिलं.

त्याच्यावर पेन्सिलीनं आडवी रेघ. बाजूला लिहिलंय, ‘हे वाक्य चूक आहे. ग्रिपा वर चढणाऱ्याच्या खिशात असतात. खालच्या माणसाकडे कधीच देत नाहीत. लिहिणाऱ्याला हे चांगलं माहीत आहे.’

‘चांगलं’ खाली दोन रेघा.

ते अक्षर मला दाखवायला नको. दुकानातल्या सगळ्या मोटरींना तिनं चिठ्ठ्या लावलेल्या आहेत, काही अजून आहेत. मी उठलो, दुकानाबाहेर गेलो, आत आलो. इंद्रभानला म्हटलं, “लाइन लागली!” तो धावत गेला अन् बटन दाबून आला. म्हणे, “कुठं लागली दादा? अजून गुलच आहे लाइन.”

हो, मी मुद्दाम चुकीचं लिहिलं होतं. आमच्या कामात एकच नियम आहे आणि तोच उलटा करून पाठवला. तुम्हाला ते कळणार नाही हे ठाऊक होतं. तुम्ही शब्दातले, खांबावरचे नाही. पण समतासमोरून तो कागद गेला तर तिच्यानं राहवणार नाही, हे मला ठाऊक होतं. मेलेल्या माणसाला उठवायचं असेल तर त्याच्या धंद्यातलं काहीतरी त्याच्यासमोर चुकीचं करावं. वर चढणाऱ्यानं ग्रिपा स्वतःच्या खिशात ठेवायच्या. माझा जीव माझ्याच खिशात. मी चढलो की माझ्या खिशात त्या एकमेकींवर वाजायच्या, तो आवाज ऐकूनच ती म्हणायची, “हं, चढा.”

म्हणजे ती वाचते. तुमच्या टेबलावर माझं पत्र पडलेलं असतं आणि ती ते वाचते. मग जवाईबुवा, एक काम करा. तिला म्हणा, चूक पेन्सिलीनं काढली तशी तोंडानं काढ. शिव्या दे, चालतील. माझे कान तयार आहेत. फोन दुकानाचाच आहे, नंबर बदललेला नाही.

उद्याच्या टपालात टाकतो. आता भट्टीकडे जातो, पुन्हा करपायला नको.

तुमचा,
दयाराम हिवराळे

जवाईबापू, मी सिंधू लिहून राह्यली. हे भट्टीकडं गेले, पाकीट मले चिटकवाले ठेवून गेले.

यायनं तुमाले काम लांबलं म्हणून लिहिलं, ते इंद्रभाननं मले सांगतलं. काम लांबलं नोतं. मी डबा घेऊन गेली होती त्या दिवशी, मी पाह्यलं. एक तार जोडाची होती, ती जोडून झाली होती. पक्कड यायनं कमरेले खोसली होती. पोरीनं लग्नाचं सांगतलं अन् हे वरतीच बसले. पट्टा बांधून, खांबाले धरून, तोंड तिकडं करून. पोरगी खालून म्हणे, “बाबा, उतरा, माही गाडी आहे.” हे हू नाही का चू नाही. वावरातले लोक बोंबलून राह्यले का लाइन सोडा, पाणी अर्ध्यावर आहे. मीही बोलली. कोनाचं ऐकलं नाही.

आता हे समजून घ्या बापू. ग्रिपा यायच्या खिशात होत्या. पोरगी निंघून गेली असती तं मी होती तिथं, पेटीजवळ मी उभी राह्यली असती. मी तसं तिले म्हटलं. ती म्हणे, “नाही आई, वर माणूस आहे.” गाडी तिच्या डोयासमोरून गेली रोडानं. तरी उभी. दिवस बुडाल्यावर हे उतरले.

उतरल्यावर वरच्या माणसानं ग्रिपा खालच्याच्या हातात द्यायच्या असतात. मंग खालचं माणूस त्या बसवते अन् मोकळं होते. यायनं दिल्या नाही. तिनं हात पुढं केला होता. हे तिच्या बाजूनं गेले, आपल्याच हातानं बसवल्या अन् घराकडं चालू लागले.

गाडी चुकल्याचा तिले राग नाही बापू. गाड्या पुष्कळ राह्यतात. इतकंच सांगाचं होतं. लाडू पाठवते, डबा परत नका पाठवू.

डोणगाव
९ फेब्रुवारी

चिन्मय,

समताच्या आईनं मागच्या पाकिटात काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. काल भाकरी वाढता वाढता तोंडी सांगितलं. मी म्हटलं, “तू माह्या पत्रात काहून लिहिलं?” ती म्हणाली, “पाकीट मी चिटकवलं.” मी दुसरी भाकरी मागून घेतली. 

ती खोटं बोलत नाही. पुढचं मी लिहीत नाही.

‘लाइन’चं आणखी एक वाक्य होतं, ते विसरलो. आठवलं तर कळवीन.

आज सकाळी उठून त्या डीपीवर गेलो, अमडापूरकडच्या एका पाहुण्याची गाडी होती तिच्यावर. ट्रान्सफॉर्मर बदललाय, पेटी तीच आहे. शेतमालक म्हणाला, “दयारामभाऊ, काही बिघडलं काय?” म्हटलं, नाही, ग्रिपा जुन्या झाल्यात, नव्या बसवून देतो. काही घेतलं नाही त्याचं. तो मागं मागं फिरत होता, “काही तं घ्या, चहा तं घ्या,” त्याला वाटलं काहीतरी लपवतो. उभंही राहवेना तिथं. खांबाकडे पाहिलं नाही.

सोबत पार्सल आहे. जुन्या पेपरात गुंडाळून, वर चिंध्या, कारण चिनीमाती आहे. त्या तीन ग्रिपा आहेत. समताच्या हातात द्या. टेबलावर ठेवू नका, पोस्टमननं दिल्या तशा देऊ नका, हातात द्या. बाकी तिला माहीत आहे.

तुम्हाला यातलं कळलं नाही तरी चालेल.

दयाराम

डोणगाव
२० फेब्रुवारी

चि. चिन्मय यास अनेक आशीर्वाद.

फोन आला.

तुम्हाला घरातल्या घरात कळलंच असेल, तरी लेखी असावं. काल दुपारी, दुकानात मरणाचा गोंधळ. एक गडी बैलगाडीत मोटर घालून आलेला, इंद्रभान ग्राइंडर चालवून राहिला, बाहेर एसटीचा हॉर्न. अशात फोन. आणि बोलणं झालं. चांगलं ऐसपैस झालं. इंद्रभाननं ग्राइंडर बंद केला, बैलगाडीवाल्यानं बैल धरले, दोघं माझ्या तोंडाकडे पाहत उभे.

समता म्हणाली, “ग्रिपा भेटल्या.”

मी म्हटलं, “बरं.”

“एकीले तडा आहे.”

“तो पहिल्यापासून आहे.”

“तडा असलेली ग्रिप खिशात घालून चढत होते तुमी?”

“वरून दिसत नव्हता.”

  लाइन चालू होती, मला ऐकू येत होतं, तुमच्याकडे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, “आता हे बसवू कुठं? इथं डीपी नाही.” मी म्हटलं, “मंग घेऊन ये. पेटी तीच आहे.” म्हणाली, “पाहते.” तिचं ‘पाहते’ म्हणजे येते, हे तुम्हाला माहीत नसेल तर माहीत करून घ्या. मार्चच्या शेवटी म्हणते, तुम्हाला सुट्टी मिळाली तर. गव्हाची कापणी असते, ऊन असतं, टोपी आणा. दोघांनी या. लाइन क्लिअर आहे, सासरा घरी असला तरी.

बैलगाडीवाला म्हणाला, “पोरगी काय दादा?” मी हो म्हटलं. त्याची मोटर पहिली घेतली.

सिंधूताईला रात्री सांगितलं. ती उठून अंगणात गेली, नळावर गेली, तिथून परत आली. तिच्याजवळ फोन नव्हता. मग विचारलं, “तुमी वळखला का तिचा आवाज?”

मी म्हटलं, एका हॅलोत.

तसंच तुम्हालाही लिहिणार होतो. पहिल्यांदा लिहिलंही होतं, तो कागद फाडला. कारण पाकीट आता तीच चिटकवते, आणि चिटकवण्याआधी वाचते, आणि समताला विचारायला तिला एक रविवार पुरतो. म्हणून जे झालं ते लिहितो.

फोन उचलला. पलीकडून बाईमाणसाचा आवाज, “हॅलो.” मी म्हटलं, “बोला.” पुन्हा, “हॅलो, मी बोलते.” आणि मी विचारलं, “कोन्या गावच्या बाई तुमी? मोटर किती एचपीची आहे?”